पटाबाहेरचा खडक

"पटावर त्या जागी खडक नाही," मेस्त्री दुआर्त म्हणाले.

न्यायाधीशाने त्यांना पटाविषयी विचारलेच नव्हते. नांदव्याच्या खाडीच्या तोंडाशी, ऐन मधल्या पाण्यात, बुडालेला खडक आहे की नाही, एवढेच त्याने विचारले होते. किल्ल्यातल्या दिवाणखान्याच्या उंच खिडक्यांतून आश्विनातले पांढरे ऊन टेबलावर पसरलेल्या नकाशावर पडत होते. वासराच्या कमावलेल्या कातड्यावर काढलेल्या अशा नकाशाला आम्ही मेस्त्रींच्या नकाशांच्या कारखान्यात नुसते पट म्हणत असू. तो पट माझ्या हातचा होता. किनाऱ्याची रेघ माझी, किनाऱ्याला काटकोनात लिहिलेली बंदरांची नावे माझी. खाडीच्या तोंडाशी मी काहीच काढलेले नव्हते. तिथे कातड्याचा स्वतःचा, किंचित पिवळसर रंग तेवढा होता.

"मी पटाचं विचारत नाही," न्यायाधीश म्हणाला.

"पटापलीकडचं मला काही ठाऊक नाही, हुजूर."

कोपऱ्यात माझ्या बहिणीचा नवरा दुलबा तांडेल बेड्या घालून उभा होता. त्याला फिरंग्यांच्या भाषेतले मोजके शब्द कळत. 'नाही' हा त्यांतलाच एक. त्याने मेस्त्रींकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. भर बाजारात ओळखीच्या माणसाने तोंड फिरवावे आणि आपणच जरा ओशाळावे, तसे काहीसे त्याच्या चेहऱ्यावर उमटले. राग त्या दिवाणखान्यात एकट्या माझ्या वाट्याला आला होता, आणि मला तर चार माणसांत साधा घसा खाकरायचाही धीर नव्हता.

खडक होता. आमच्या गावात त्याला कासव म्हणत. वर्षभर तो पाण्याखाली असे आणि माघातल्या मोठ्या ओहोटीला एखाद्या सकाळी घटकाभर पाठ वर काढी. आदल्या माघात मेस्त्रींना तो पाहायचा होता, म्हणून दुलबाने आम्हाला आपल्या होडीतून तिथे नेले. मेस्त्रींना पोहता येत नव्हते. दुलबा कमरेभर पाण्यात उतरला, त्यांना पाठुंगळी घेतले आणि खडकावर नेऊन ठेवले. मी होडीत दोर धरून बसलो होतो. त्या ओल्या, शेवाळी पाठीवर मेस्त्री चामडी बूट घालून उभे राहिले. त्यांनी शिसाचा गोळा बांधलेला दोर चारी बाजूंना सोडून खोली मोजली आणि मग भूक लागली म्हणून दुलबाच्या फडक्यातली नाचणीची भाकरी सुक्या बोंबलाबरोबर खाल्ली. दुलबा मला म्हणाला होता, "तुझ्या म्हाताऱ्याला सांग, कासवाच्या पाठीवर बसून जेवला, आता हा काही बुडत नाही."

पावसाळा सरल्यावर राजाचे एक मालवाहू जहाज खाडीतून बाहेर पडले. वाटाड्या म्हणून दुलबा त्यावर होता. त्याने दक्षिणेच्या काठाला धरून जाण्याचा सल्ला दिला. कप्तानाने पट उघडला, मधले पाणी मोकळे असल्याचे त्याला दाखवले आणि सुकाणूवाल्याला सरळ जायला सांगितले. दुलबाने सुकाणूला हात घालायचा प्रयत्न केला, तेव्हा शिपायांनी त्याला मागे ओढले. जहाज कासवावर चढले, फुटले आणि वाहत जाऊन उत्तरेच्या कड्याखाली लागले. काही खलाशी बुडाले, कप्तान वाचला. वाचलेल्या कप्तानाने सांगितले की या काळ्या माणसाने मुद्दाम जहाज कड्यावर घातले, मधल्या पाण्यात तर खडकच नाही, पट पाहा.

आमच्या गावातले सगळे नाखवे साक्षीला आले. पण ते एका गावचे, एका जातीचे आणि फिरंग्यांच्या धर्मग्रंथावर हात ठेवू न शकणारे. माघ अजून फार लांब होता. ज्याचा शब्द न्यायाधीशाच्या लेखी शब्द ठरावा असा कासव पाहिलेला एकच माणूस होता. त्याने पटाकडे बोट दाखवले.

निकाल दुसऱ्या दिवशीच्या बैठकीवर ठेवून न्यायाधीश उठला. निकाल काय लागणार हे दारावरच्या शिपायांनाही माहीत होते. दुलबाला वल्ह्याच्या गलबतावर पाठवतील. तिथे माणसाला साखळीने बाकाला बांधतात आणि तो मरेपर्यंत ती साखळी काढत नाहीत.

माझी बहीण आवडी किल्ल्याच्या दरवाजाबाहेर चिंचेखाली बसली होती. मी तिला बाय म्हणत असे. काय झाले ते मी सांगितले. तिने ऐकून घेतले, पदराने तोंड पुसले आणि विचारले की म्हाताऱ्याला आठवण राहिली नाही का.

मी म्हणालो, आठवण आहे.

"मग?"

मी तिला मूळ पटाविषयी सांगू लागलो. समुद्रापलीकडे, राजधानीत, एक मूळ पट आहे. त्याची एक नक्कल आमच्या कारखान्यात कुलपात असते. तिच्यावरच्या प्रत्येक रेघेवर सुईने भोके पाडलेली आहेत. ती नव्या कातड्यावर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली, की खाली काळ्या ठिपक्यांचा किनारा उमटतो आणि आम्ही ठिपके जोडतो. जिथे भोक नाही तिथे काही काढायचे नाही, अशी कारखान्यात येताना मेस्त्रींनी शपथ घेतलेली आहे. नवे काही आढळले तर राजधानीला कळवायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. कासवाचे कळवलेले आहे.

आवडीने मला मध्येच थांबवले.

"गोमा, म्हणजे तिकडून भोक येईपर्यंत आमच्या खाडीत खडक व्हायचा नाही?"

मी मान डोलावली.

"तू लहान होतास तेव्हा बोलायचा नाहीस. आई म्हणायची, राहू दे, पोराच्या हातात कला आहे, तोंडाचं काय काम. मी पण तेच म्हटलं." ती उठली आणि लुगड्याची माती झटकली. "आज कळलं तोंडाचं काय काम असतं. जा. त्याला विचार, माझ्या माणसाच्या पाठीवर बसला होता ना? का तेही पटावर नाही?"

कारखाना चर्चच्या मागे होता, एक लांब खोली, उत्तरेकडे खिडक्या. मी गेलो तेव्हा मेस्त्री एकटेच होते आणि शाई घोटत होते. त्यांचे हात फार सुंदर होते. त्या हातांनी मला रेघ शिकवली होती: श्वास सोडताना ओढायची, घेताना कधी नाही. गावात मला मुका म्हणत. या माणसाने कधीही मला बोलायला लावले नव्हते आणि म्हणून मी त्याच्यावर बापाइतके प्रेम केले होते. त्या दुपारी मला वाटले, माझ्या मुकेपणाचा त्याला किती उपयोग होता.

मी आवडीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

त्यांनी घोटणी खाली ठेवली आणि बराच वेळ शपथेविषयी बोलले. एकाने खडक काढला, दुसऱ्याने बेट काढले, तिसऱ्याने ऐकीव गावे काढली, तर जगात दोन पट एकसारखे राहणार नाहीत आणि कोणत्याच जहाजाला कशावरच विश्वास ठेवता येणार नाही. हे सगळे त्यांनी मला पूर्वीही सांगितले होते, आणि तेव्हा ते मला उदात्त वाटले होते.

मी म्हणालो, "मी पट बदला म्हणत नाही. तोंडाने सांगा."

"तोंडाने सांगितलं, की ते विचारतील कधीपासून ठाऊक होतं. मग विचारतील, राजधानीला नुसतं पत्र लिहिलंस, मोजलेलं इथे कुठेच काढून ठेवलं नाहीस? तुझ्यासारख्या माणसाने? आणि झडती घेतील."

"घेऊ देत. इथे काय आहे?"

यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला प्रथमच त्यांची भीती वाटली. ते उठले. दाराला आतून कडी घातली. रंगांच्या फडताळाची मागची फळी त्यांनी सरकवली, आणि तिच्यामागून तेलकट कापडात गुंडाळलेली एक गुंडाळी काढून टेबलावर उलगडली.

असा पट मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. तो आमचाच किनारा होता, पण भोकांतून आलेला नव्हता. तो डोळ्यांतून आला होता. नदी जिथे वळत असे तिथेच वळली होती. वाळूचे दांडे बारीक ठिपक्यांनी असे काढले होते, की ओहोटी चालू आहे असे वाटावे. माडांच्या रांगा, चौपाट्या, आमच्या गावची होड्या ओढायची जागा. इतक्या वर्षांत मी बाजूच्या टेबलावर बसून ठिपके जोडत होतो, आणि हा माणूस कधी, कोणत्या चोरट्या तासांत, हे काढत होता? माझे डोळे भरून आले. हे मी लपवत नाही. एक क्षण मी दुलबाला विसरलो.

खाडीच्या तोंडाशी, ऐन मध्ये, लाल शाईत एक लहानशी फुली होती. फुलीशेजारी बारीक अक्षरांत नाव होते. मी ते वाचले. 'दुआर्तचा खडक.'

"मी मेल्यावर हा राजधानीत जाईल," मेस्त्री हळू आवाजात म्हणाले. "मेलेल्याला शपथ लागू नसते. शंभर वर्षांनी कोणीतरी हा उघडेल आणि म्हणेल, या माणसाला सगळं ठाऊक होतं. गोमा, तुला कळतंय ना? तुला नाही कळणार तर कोणाला?"

ते माझ्याकडून कौतुकाची वाट पाहत होते. म्हातारे डोळे, काठावर पाणी आलेले, एखाद्या पोराने आपले चित्र दाखवून उभे राहावे तसे.

तोवर मला इतका राग कधी आला नव्हता. नंतरही कधी आला नाही. खोटे बोलणाऱ्या माणसाचा राग करणे सोपे असते. या माणसाने खोटे सांगितले नव्हते. त्याने खरे साठवून ठेवले होते, आमच्यासाठी नाही, न जन्मलेल्या कोणासाठी. त्या खरेपणाच्या पहिल्या हक्काचा माणूस तळघरात बेड्यांत बसला होता आणि खडकावर नाव होते पाठुंगळी बसलेल्याचे.

"उद्या हा पट घेऊन चला," मी म्हणालो.

ते हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी उजवा हात टेबलावर, फुलीच्या शेजारी ठेवला आणि मनगटावरून डाव्या हाताचे बोट फिरवले. "मूळ पटाबाहेर एक रेघ काढली, तर इथून. शपथ घेताना माझ्याकडून हे मोठ्याने वाचून घेतलं होतं."

"दुलबाचे दोन्ही हात वल्ह्याला बांधतील."

"वल्ह्याला हात लागतो, गोमा. हा हात वेगळा आहे."

मी कडी काढली. उंबऱ्यावर वळून मी आयुष्यातले सर्वांत लांब बोलणे केले आणि ते त्यांच्याच भाषेत केले, म्हणजे त्यांना त्यातला एकही शब्द चुकवता येऊ नये. मी म्हणालो की उद्याच्या बैठकीला ते पट घेऊन आले, तर मी त्यांच्या शेजारी उभा राहीन आणि शिक्षेच्या वेळीही तिथून हलणार नाही. ते आले नाहीत, तर फडताळाची कोणती फळी सरकते हे मी सांगेन. मग हात जाईलच, आणि पट त्यांनी आणला नव्हता हेही जगाला कळेल. शंभर वर्षे हवी आहेत ना, मग यातले काय आठवले जावे ते त्यांनी ठरवावे.

"तू असं करणार नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही मला बोलताना कधी ऐकलेलं नाही," मी म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी ते आले. गुंडाळी त्यांच्या काखेत होती आणि त्यांनी सणाचा काळा झगा घातला होता. माझ्या धमकीने आले, की रात्रभरात त्यांच्यात काही बदलले, ते मला त्यांच्या चालण्यावरून कळले नाही. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. न्यायाधीशाने लिहिणे थांबवायची खूण करून लेखनिकासकट इतरांना बाहेर घालवले आणि पट उलगडला. न्यायाधीशापुढे आम्ही दोघे, दुलबा आणि त्याच्यावरचा शिपाई एवढेच उरलो.

न्यायाधीश हुशार माणूस होता. त्याने पटावर घालवलेला वेळ तिरस्काराचा नव्हता. त्याचे बोट नदीवरून वर गेले, खाली आले, आणि लाल फुलीवर थांबले. त्याने विचारले, हे कधी काढले. मेस्त्रींनी सांगितले, माघात. खडकावर कोण कोण होते, तेही सांगितले. मी दुलबाला हळू आवाजात सगळे समजावत होतो.

"सुरेख आहे," न्यायाधीश म्हणाला. "पण मी हा पाहिला असं लिहिलं, तर पुढे असं लिहावं लागेल की राजाच्या पटाने राजाचं जहाज बुडवलं. असं वाक्य लिहायला मी इतक्या लांब आलेलो नाही."

बाजूला मोहोरेची लाख वितळवायची शेगडी होती. त्याने पट घडी केला, एकदा, पुन्हा एकदा, जसा कोणी पट कधीही घडी करत नाही, आणि निखाऱ्यांवर ठेवला. कातडे कागदासारखे जळत नाही. ते आक्रसते, वळते, जिवंत असल्यासारखे अंग चोरते. जळत्या केसांची दुर्गंधी दिवाणखान्यात भरली. मी पुढे धावलो, शिपायाने भाला आडवा धरला.

"आता पट नाही," न्यायाधीश म्हणाला. "पट नाही म्हणजे शपथही मोडलेली नाही. मेस्त्री, तुमच्याइतका सुटलेला माणूस आज या किल्ल्यात नाही. घरी जा."

तेव्हा मेस्त्री दुआर्त टेबलापाशी गेले. त्यांनी झग्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि उजवा हात लाकडावर उताणा ठेवला.

"मी काढला तो," ते म्हणाले. "तोडा."

न्यायाधीश लेखणी पुसत होता.

"तो खडक माझा आहे. मी त्यावर उभा होतो. त्याला माझं नाव आहे. मी शपथ मोडली, तुम्ही पाहिलं, तोडा हा हात." त्यांचा आवाज चिरकला. ते हात टेबलावर आपटू लागले, पुन्हा पुन्हा, आणि त्या आपटण्यात इतकी आर्जवे होती की मला तिकडे पाहवेना. शिक्षा मिळाली असती तर पट होता असे ठरले असते.

दुलबाने मला विचारले, म्हातारा काय म्हणतो. मी सांगितले, खडक त्याचा आहे म्हणतो.

दुलबाने थोडा विचार केला. "त्याचा? बरं. मग माघात येऊन शेवाळ काढून जा म्हणावं."

न्यायाधीशाने दारावरच्या शिपायाला बोलावून सांगितले, म्हाताऱ्याला सावलीसावलीने घरी न्या, ऊन फार आहे. मग त्याने लेखनिकाला आत घेतले आणि दुलबाचा निकाल सांगितला. त्याला त्याहून कमी वेळ लागला.

बाहेर आवडी चिंचेखालून उठली आणि माझ्याबरोबर चालू लागली. माझ्या कपड्यांना जळक्या चामड्याचा वास येत होता. घरी जाताना वाटेत ती म्हणाली, "आतून कोण ओरडत होतं?"

"मेस्त्री."

"काय ओरडत होता?"

मी तिला शब्दन् शब्द सांगितले. ती चालत राहिली. बरेच पुढे गेल्यावर म्हणाली, "एवढं ओरडला, त्यात आमच्या माणसाचं नाव कुठे आलं?"

मी म्हणालो, नाही आले.

कारखान्यात मी परत गेलो नाही. मेस्त्री नंतर काही वर्षे जगले. त्यांनी माझ्यासाठी दोनदा माणूस पाठवला. मी गेलो नाही. लोक मला आजही म्हणतात, म्हातारा शेवटी उभा राहिला होता, हात पुढे केला होता, तेवढे तरी मान. मी मानतो. माझा राग त्याने कमी होत नाही.

दुलबाला नेणारे जहाज कार्तिकातल्या एका सकाळी सुटले. न्यायाधीशही त्याच जहाजाने परत निघाला होता. आवडी आणि मी उत्तरेच्या कड्यावर जाऊन उभे राहिलो. वारा भूमीवरून होता, पाणी शांत, काचेसारखे. आम्हाला माणसे ओळखू येत नव्हती, शिडे आणि पुढच्या टोकावरचा निळा झेंडा तेवढा दिसत होता. कप्तानापुढे पट उघडलेला असणार. त्या पटावरही किनारा माझ्याच हातचा होता, आणि खाडीचे तोंड मोकळे.

जहाज मधल्या पाण्यातून सरळ आले. आवडीने माझे मनगट घट्ट धरले. तिच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते, कारण माझ्याही मनात तेच होते: जहाज फुटावे असे, आणि त्यात दुलबा साखळीने बांधलेला आहे असे. ती तोंडातल्या तोंडात देवीचे नाव घेत होती. काय मागत होती ते मी विचारले नाही.

मग शीड सैल झाले. जहाजाने नाक दक्षिणेकडे वळवले, काठाच्या अगदी जवळ गेले, कासवाला लांबचा, सावध वळसा घातला, आणि पलीकडे जाऊन पुन्हा आपल्या सरळ रेषेवर आले.

आवडीने माझे मनगट सोडले. तिथे तिच्या बोटांचे वळ उठले होते.

"वळले," ती म्हणाली.

"हो."

ती त्या मधल्या पाण्याकडे पाहत राहिली. तिथे लाट नव्हती, फेस नव्हता, काहीच नव्हते.

"गोमा," ती म्हणाली, "म्हणजे त्या सगळ्यांना ठाऊक होतं."